पहिल्या पानावरचा खुनी

३ नोव्हेंबर, सोमवार

पप्पा सकाळी सकाळी पेटले. "बारावीत दोनदा उडालास, आता घरात कनाला बसलास रं? जा, गाल्यान जाऊन बस!"

गाळा म्हणजे आमच्या बिल्डिंगखालची लायब्ररी. चालवणारा पुस्तकं तशीच टाकून गावाला गेला. महिनाअखेरीस सगळं रद्दीत, मग गाळ्यात भाड्याने मोमोवाला येणार. तोपर्यंत मी मॅनेजर! मेंबर किती? चार म्हातारे.

दुपारी टाइमपास म्हणून रहस्यकथा काढल्या आणि पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहीत गेलो. खुनी: माळी. खुनी: सासरा. न वाचताच! पहिलं जे नाव दिसेल ते ठोकून द्यायचं. म्हातारे आता शेवटपर्यंत माळ्यावर डोळा ठेवून बसतील. लय हसलो. एकटाच.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज नवीन म्हातारा. सखाराम काका, मागच्या चाळीतले. पूर्वी मोहने गावच्या कंपनीत कामाला होते. आले ते थेट रहस्यकथांच्या कपाटाशी. एकेक पुस्तक काढतात, हुंगतात, ठेवतात.

बोललो, काका, कुठलं पाहिजे?

"माझी बघतोय."

तुमची कुठली?

"ही सगळी."

मला वाटलं, सटकलाय. कव्हरवर तर सगळीकडे कॅप्टन समशेर! तर म्हणतात, "समशेर नावाचा माणूसच नाही रे. पुस्तकं छापायचा त्या ठाण्याच्या शेठने ठेवलेलं नाव ते. लिहिणारा कोणी का असेना, नाव तेच." ड्युटीवरून येऊन लिहायचे. तीनशेच्या वर लिहिली. एकावरपण सखाराम नाही. घरी एक कॉपी नाही. रद्दीत जाणार कळलं म्हणून बघायला आलेले.

८ नोव्हेंबर, शनिवार

काकांबरोबर त्यांची मुलगी आलेली, रुपालीताई. तो शेठ वारला, आता त्याचा मुलगा मुकुल धंदा बघतो. जुनी पुस्तकं परत छापतोय. काकांना बोललाय, एक निवडा, ह्या वेळेला तुमचंच नाव टाकू. काकांनी निवडलं 'शीळफाट्याचा मुडदा'. तेच एक नीट जमलेलं म्हणे.

ताई हळूच मला बोलली, "बाबांना सकाळी काय जेवले ते आठवत नाही आता. हे एक होऊ दे. एकदा नाव बघू दे त्यांना."

पुस्तक मिळालं. एकच. आणि शेवटची सोळा पानं गायब! छापतानाच सोळा सोळा पानं एकत्र असतात, शिलाई सुटली की गठ्ठाच पडतो. काका पुस्तक धरून बसले. खुनी कोण, आठवेना. स्वतःच्याच पुस्तकातला!

मग पहिलं पान उघडलं. माझी पेन्सिल. खुनी: कंपाउंडर.

"हां! कंपाउंडर! बघ रुपाली, वाचणाऱ्याने लिहून ठेवलंय!"

मी पेन्सिल खिशात ढकलली.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज सांगणार होतो. नाय सांगितलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काका रोज येतात. माझ्या टेबलावर बसून शेवट लिहितात. शेठचा नियम सांगतात, शहाण्णव पानं म्हणजे शहाण्णवच. कमी पडली तर वादळ आणायचं, जास्त झाली तर एखादा मारायचा! आणि कव्हर आधी यायचं, गोष्ट मागून. ह्याच्या कव्हरवर लाल साडीतली बाई, हातात पिस्तूल. गोष्टीत बाईच नव्हती!

"मग काय केलंत?"

"बाराव्या पानावर आणली. पत्ता विचारून निघून गेली."

"पिस्तूल घेऊन?"

"शीळफाट्याला एकटी बाई, बाळा. नको का?"

पोट दुखेपर्यंत हसलो. मग बघितलं तर त्यांनी एकच पान तीनदा लिहिलेलं. वेगवेगळं नाही. तेच. मी दोन काढून खिशात टाकली. त्यांना कळलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं. काका, ते कंपाउंडर मी लिहिलेलं. असंच, फेकलेलं. मी पुस्तक वाचलंपण नाही.

काकांनी पेन ठेवलं.

"मग खरा कोण?"

काय माहीत.

"मलाही नाही." मग बोलले, "कंपाउंडरच राहू दे. कालच कारण सापडलं. चिठ्ठी डॉक्टरची, बाटली भरायची ह्याने, आणि खोकला गेला की नाव डॉक्टरचं. जन्मभर! मीसुद्धा मारला असता."

वर मला टपली. "गाढवा, आणखी कशाकशात लिहिलंयस?"

सगळ्यात.

"खोडू नकोस. कोणीतरी उघडलं होतं एवढं तरी दिसेल."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं! शहाण्णवाव्या पानाच्या तळाला 'समाप्त'. त्याच्याखाली काका थांबले. म्हणाले, इथे पुढे काही लिहायची सवयच नाही. मग लिहिलं: सखाराम धाकू मेस्त्री. पेन फिरवून फिरवून जाड केलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सखाराम काका गेले. सकाळी, चहा हातात असताना.

३० नोव्हेंबर, रविवार

रद्दीचा टेम्पो आला. पप्पा बोलले, "तोंड कनाला पाडलंस रं? कागदच तं हाय." समशेरची जेवढी सापडली तेवढी माझ्या पलंगाखाली ढकललीत. झोपलो की खालून तो वास येतो. काका हुंगायचे तो.

१६ जानेवारी, शुक्रवार

मुकुलकडून पुस्तक छापून आलं. ताईने बोलावून हातात दिलं. कव्हर चकाचक, लाल साडी, पिस्तूल. वरती मोठ्ठं: कॅप्टन समशेर.

आत बघितलं. मागे बघितलं. काका कुठेच नाहीत.

ताईने मुकुलला फोन लावला, स्पीकरवर. "अहो ताई, ते नाव चालतं ना. सखाराम मेस्त्रींना कोण ओळखतं? पुढच्या वेळी नक्की बघू."

पुढच्या वेळी!

ताई रडली नाही. काकांच्या फोटोपुढे पुस्तक ठेवलं. पालथं.

१८ जानेवारी, रविवार

डोंबिवलीला पुस्तकांच्या प्रदर्शनात गेलेलो. मुकुलच्या स्टॉलवर 'मुडदा'ची थप्पी. पहिली कॉपी उचलली, पहिलं पान, पेन्सिल. लेखक: सखाराम धाकू मेस्त्री. मग दुसरी. मग तिसरी.

स्टॉलवरचा पोरगा ओरडला, "ए, काय लिहितोस रे? खुनी फोडतोस काय?"

"नाय रे," बोललो. "ह्या वेळेला खरं लिहितोय."

हाकलला मला. अर्धी थप्पी राहिली. उद्या टोपी घालून जातो.