‘निर्वंश’ या शब्दावर माझी हरकत

मी, वृंदा संजीव कोळथरकर, वय वर्षे त्रेसष्ट, निवृत्त फ्रेंच शिक्षिका, राहणार नास, परगणा किल्डेअर, आयर्लंड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तापलेले आहे, पण ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, त्यात ते तापल्याचा उल्लेख नाही. यापूर्वी मी आणि माझे पती कै. संजीव यांनी मिळून केलेली व्यवस्था या लेखाने रद्द समजावी.

हे मराठीत का, तर आधी इंग्रजीत करून पाहिले. सॉलिसिटर फिट्झमॉरिसबाईंनी मसुद्यात लिहिले, ‘माय अडॉप्टेड डॉटर भार्गवी’. मी म्हटले, मधला शब्द खोडा. त्या म्हणाल्या, कायद्याने काही फरक पडत नाही. फरक पडत नाही ना, मग खोडा. वर त्यांना हेही सांगितले की तुमच्या आडनावातले ‘फिट्झ’ म्हणजे जुन्या फ्रेंचमध्ये मुलगा. तुमचे घराणे आठशे वर्षे तो शब्द मिरवते आहे, आणि माझ्या मुलीला ‘मुलगी’ एवढे म्हणायला तुम्हाला विशेषण लागते? बाई हसल्या. “फेअर पॉइंट, वृंदा,” म्हणाल्या आणि खोडले. पण माझे समाधान झाले नाही. ज्यांना हे वाचायला लावायचे ते पुण्यात आहेत आणि त्यांना ते मराठीत बोचले पाहिजे. कुठल्याही भाषेत लिहा, दोन साक्षीदारांसमोर सही करा म्हणजे झाले, असे बाईंनीच सांगितले आहे.

कलम पहिले. भार्गवी संजीव कोळथरकर ही माझी मुलगी आणि माझी एकमेव वारस आहे.

खरे तर हे कलम इथेच संपायला हवे होते. आम्ही तिला पुण्यातल्या संस्थेतून घरी आणले तेव्हा ती पाळण्यातली होती. तीन वर्षांची असताना ती आमच्याबरोबर या देशात आली. आता ती बावीस वर्षांची आहे. गेल्या वर्षी, म्हणजे २०१७ साली, माझे धाकटे दीर हरीश यांनी ‘कोळथरकर कुलवृत्तांत’ दुसऱ्यांदा छापला. त्यात संजीवचे शिक्षण आहे, आयर्लंडमधल्या औषध कारखान्यातली नोकरी आहे, २०१५ साली झालेले निधन आहे, माझे माहेरचे नावही आहे. आणि शेवटी एक शब्द आहे, ‘निर्वंश’.

पार्सल आले ते भार्गवीनेच उघडले. ती मराठी एकेक अक्षर लावत वाचते. बाबांचे नाव सापडल्यावर खाली बोट फिरवत आली आणि म्हणाली, “आई, व्हॉट्स निर्वंश?” मी सांगायच्या आतच तिने फोनमध्ये पाहिले. मग “ग्रँड,” म्हणाली, पुस्तक स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत कपाटात, डब्यांशेजारी ठेवले आणि चहाचे आधण ठेवले. इथे राहिलेल्यांना ठाऊक आहे, काहीच ठीक नसते तेव्हाही ही माणसे ‘ग्रँड’च म्हणतात.

मी हरीशभाऊजींना फोन लावला. मुलींना आम्ही घेत नाही असे म्हणायची त्यांना सोय नव्हती, कारण स्वतःची मुलगी क्षितिजा हिची पदवी, नवरा, सासर, सगळे त्यांनी अर्धे पान भरून दिले आहे. ते म्हणाले, “वहिनी, मनाला लावून घेऊ नका. भार्गवी आपलीच आहे. पण कुलवृत्तांत म्हणजे रक्ताचं काम.”

“आणि चौथ्या पिढीतले बाळंभट? ते गुहागरहून दत्तक आणले होते ना? तुम्ही त्यांचेच पणतू.”

“तो काळ वेगळा होता. शिवाय तो मुलगा होता.”

मी फोन ठेवला. घरातली एकही वस्तू फुटली नाही, याची नोंद घ्यावी.

कलम दुसरे. नास येथील राहते घर, बँकेतली शिल्लक, संजीवच्या निवृत्तिवेतनातले येणे, गाडी, दागिने, देवघरातले देव, संजीवची हत्यारांची पेटी आणि पुरणयंत्र हे सर्व भार्गवीचे. देवांची पूजा केलीच पाहिजे अशी अट नाही. पुरणयंत्राचे मात्र सांगते, धुऊन लगेच पुसून ठेवावे, इथल्या हवेत लोखंडाला गंज धरतो.

कलम तिसरे. माझ्या ‘ओदों द व्हेरमोल’ या ग्रंथाचे हस्तलिखित, टिपणे आणि सर्व हक्क भार्गवीचे. हा ओदों कोण, हे सांगितल्याशिवाय माझा राग पुरता कळायचा नाही.

भार्गवी लहान असताना आम्ही नासजवळच्या एका पडक्या चर्चमध्ये डबा घेऊन गेलो होतो. तिथे तिने एका दगडावरचे शेवाळ रुमालाने पुसले. खाली जुन्या फ्रेंचमध्ये कोरले होते की व्हेरमोलची आएलीस इथे विसावली आहे. किल्डेअरच्या चिखलात फ्रेंच बाई काय करते आहे, या कुतूहलापायी मी पंधरा वर्षे घालवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत संजीव गाडी चालवत मला बर्गंडीच्या दफ्तरखान्यांपर्यंत न्यायचा आणि बाहेर भार्गवीबरोबर पत्ते खेळत बसायचा. एकदाही त्याने घड्याळाकडे पाहिले नाही.

ओदों हा बाराव्या शतकाच्या शेवटचा बर्गंडीतला सरदार. आजोबांनी नदीकाठची गढी बळकावली, बापाने तिला दगडी भिंत घातली आणि मग घराणे स्वतःला पुरातन म्हणवू लागले. ओदों धर्मयुद्धावर गेला, एक कान गमावून परत आला. बिशपशी मासेमारीच्या तळ्यावरून उभे भांडण मांडले आणि ते मरेपर्यंत पुरवले. मला तो आवडला याचे हेही एक कारण आहे. त्याला तीन मुलगे होते. एक तापाने गेला, एक घोड्यावरून पडून, एक झुंजीच्या खेळात. राहिली मुलगी, आएलीस. मठाला जमीन देताना तो दानपत्रात दर वेळी लिहितो, ‘माझी मुलगी आएलीस हिच्या संमतीने’. त्या काळी संमती अशाच माणसाची घेत, ज्याचा त्या मिळकतीवर हक्क असे. म्हणजे ती वारस होती, आणि हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होते.

ओदों वारला आणि पुतण्या गोशे गढीत घुसला. त्याने एका साधूला जेवूखाऊ घालून घराण्याची बखर लिहवून घेतली. बखरीत ओदोंचा पराक्रम आहे, गेलेला कान आहे, आणि शेवटी आहे की तो निर्वंश वारला. आएलीस न्याय मागायला गेली. मठाने सांगितले, दानपत्रे सापडत नाहीत. ते वादातले तळे तोवर गोशेने मठाला देऊन टाकले होते. मग ती एका कफल्लक सरदाराशी लग्न करून नव्या जमिनीच्या आशेने या ओल्या देशात आली आणि इथेच मेली. दानपत्रे नंतर सापडली. मी स्वतः हातात घेऊन वाचली आहेत.

गोशेला निदान एक साधू पोसावा लागला. हरीशभाऊजींनी हे काम स्वतःच उरकले.

ग्रंथ छापताना शेवटच्या वंशवृक्षात आएलीसचे नाव भावांच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरात घ्यावे. इथल्या इतिहास मंडळातल्या ज्या गृहस्थांनी माझ्याच व्याख्यानानंतर मला जुने फ्रेंच समजावून सांगितले, त्यांना माझा वाचायचा चष्मा द्यावा. त्यांना गरज आहे.

कलम चौथे. पुण्यातल्या सासऱ्यांच्या फ्लॅटमधला संजीवचा अर्धा हिस्सा माझ्याकडे आला आहे, तो भार्गवीला जावा. ‘दादाचा वंश खुंटला, तेव्हा हिस्सा आमच्याकडेच यायचा,’ असे हरीशभाऊजी नातेवाइकांत बोलतात. पुस्तकातला तो शब्द नुसता शब्द नव्हे, हे ते कानावर आले त्या दिवशी मला कळले. भार्गवीने हा हिस्सा कोणालाही विकावा किंवा तिथे जाऊन राहावे. बाल्कनी पश्चिमेला आहे, उन्हाळ्यात पडदे लावावेत.

हरीशभाऊजींना त्यांच्या कुलवृत्तांताची प्रत परत पाठवावी. टपालखर्च त्यांनी द्यायचा आहे.

कलम पाचवे. संजीवचा कॅमेरा हरीशभाऊजींचा मुलगा आशुतोष याला. तो ॲथलोनला नोकरी करतो, रविवारी आमच्याकडे जेवायला येतो. बापाविरुद्ध बोलणे सोपे नसते, पण गेल्या महिन्यात तो बोलला. २०१६ साली भार्गवी एकटी पुण्याला गेली होती, तेव्हा पुस्तक छापायचे होते. आशुतोषसकट सगळे जेवायला बसले असताना तिने आपल्या मोडक्या मराठीत विचारले, “काका, पुस्तकात मी कुठे येणार? बाबांच्या खाली ना? छोटं लिहिलं तरी चालेल.”

भाऊजी म्हणाले, “जेव आधी.”

तिने हे मला आजवर सांगितले नाही. आशुतोषने सांगितले तेव्हा माझ्या हातातली पोळी तव्यावर जळून गेली. माझ्या मुलीने छोट्या अक्षरांची भीक मागितली आणि तिला वरणभात वाढला गेला. हरीश कोळथरकर, हे मी तुम्हाला माफ करत नाही. मरताना माणसे माफ करतात म्हणे. मी करणार नाही, आणि ते या कागदावर लेखी असावे.

कलम सहावे. इथे मी असे लिहिले होते की कुलवृत्तांताच्या पुढच्या आवृत्तीतून संजीवचे आणि माझे, दोन्ही नावे काढून टाकावीत. जिथे आमची मुलगी नाही तिथे आमचेही काही काम नाही. लिहून झाल्यावर बरे वाटले, म्हणून भार्गवीला वाचून दाखवले. जेवणाच्या वेळचा तो प्रश्न आशुतोषकडून मला कळला, हेही तेव्हाच सांगितले. तिने कागद घेतला आणि ते कलम एकेक अक्षर लावत पुन्हा वाचले. मग म्हणाली, “नो, आई. लीव्ह बाबा इन.”

“का म्हणून? त्यांनी तुला काय दिलं?”

“नथिंग. पण बाबा माझे आहेत ना? लीव्ह हिम देअर. हाउ एल्स विल माय किड्स फाइंड अस?”

मी तिच्यासमोर ते कलम खोडले. आता ते असे वाचावे: संजीवचे नाव आहे तिथेच राहावे. माझे काढून टाकावे. त्याच्या नावापुढचा शब्द कोणी काढो न काढो, तो खोटा आहे, आणि हे त्याची बायको म्हणून मी शपथेवर सांगते.

कलम सातवे व शेवटचे. भार्गवीच्या पोटी जन्मतील ती, आणि ती जवळ करील ती, सगळी मुले माझी व संजीवची नातवंडे आहेत. त्यांच्यात कोणी फरक करू नये. त्यांच्या आजोबांचे नाव संजीव विनायक कोळथरकर.

अंमलबजावणीसाठी माझी मैत्रीण विद्या पटवर्धन, राहणार डून लेरी, हिला नेमते. ती भांडायला घाबरत नाही.

(सही) वृंदा संजीव कोळथरकर

वरील बाईंनी आम्हा दोघांच्या देखत सही केली, आणि मग त्यांच्या व एकमेकांच्या देखत आम्ही केली. ज्याला काही मिळायचे त्याने साक्ष देऊ नये असा इथला कायदा असल्याने सही होताना भार्गवी बाहेर बागेत होती.

साक्षीदार:
१. क्लोडा ब्रेनन, शेजारीण, नास
२. ज्ञानेश ताम्हनकर, अभियंता, नास

ठिकाण: नास, परगणा किल्डेअर
दिनांक: ६ ऑक्टोबर २०१८