मार्करची शाई

शुक्रवार, बिन महमूद, कतार

जोशीभाऊजींकडे जेवून आले, पण डोकं अजून तापलेलंच आहे. ऑफिसातल्या सल्माच्या देशात हुकूमशहा गेल्यावरचं पहिलंच मतदान परवा झालं. केंद्राबाहेर गोळीबार झाला, तरी तिची आई रांगेतून हलली नाही. परतीच्या वाटेवर बंदूकवाले बोटं तपासत होते. बाईने मेंदीचा कोन घरूनच नेला होता. शाईवर मेंदी काढली आणि घरी आली.

मी जेवताना हे सांगितलं, तर भाऊजी श्रीखंड चाटत म्हणतात, "वहिनी, या लोकांना दंडुकाच लागतो. लोकशाही झेपत नाही त्यांना."

आणि भाऊजींना झेपते! व्हॉट्सअ‍ॅपवर अजून शाईच्या बोटाचा फोटो आहे. मतदानाला मुद्दाम सुट्टी काढून पुण्याला गेले होते ना!

निघताना स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोला, मेधाला, त्या फोटोबद्दल विचारलं. ती खुदकन हसली. "कसलं मत गं! ऊन फार होतं म्हणून गेलेच नाहीत. ती शाई माझ्या मार्करची."

ऊन! वर्षानुवर्षं कतारमध्ये राहणाऱ्या माणसाला पुण्याचं ऊन लागलं!

गाडीत हे म्हणाले, "खलास, सोड ना आता." सोडते. पण दंडुका नक्की कोणाला लागतो म्हणे?