मैना पाय उचलत नाही

१४ जुलै १९७८
आज पुन्हा पडलो. चिखल होता म्हणून हाडं शाबूत. नव्या घोडीवर पहिल्यांदा बसायचं ते धानाच्या बांधीतल्या चिखलातच, ही वडिलांची रीत — तिला उधळता येत नाही, पडणाऱ्याला लागत नाही. म्हातारी घोडी वैशाखात गेली. आता वरातींना तिची ही लेक मैनाच. तयार झाली नाही तर माझा डोमा तिला तुमसरच्या टांगेवाल्याला देणार. मुलगा माझाच, पण बोलतो कसा — "बाबा, सोडा आता. तुमचे गुडघे त पाहा."

२ ऑगस्ट
बसू देते. चिखलाच्या गाऱ्यात बराच वेळ फिरली. रोवणीच्या बाया हसत होत्या. पंचफुला म्हणे, "बुवा, नवरदेवालेबी गाऱ्यातूनच नेता का?" हसण्यासारखं काय होतं? दिवसभर तेच डोक्यात.

२१ ऑक्टोबर
चिखल वाळला आणि घोडी थांबली. कोरड्या रस्त्यावर पाठीवर माणूस आला की पाय उचलत नाही. उतरलं की चालते. पावसाळाभर मी तिला रस्त्यावर नेलंच नाही — तिथं पडलो तर? आता तिला वाटतं, माणूस बसतो तो चिखलातच.

५ नोव्हेंबर
गूळ दाखवला. डोमाने काठी उगारली. उभीच. तुळशीचं लग्न झालं की टांगेवाला येणार.

९ नोव्हेंबर
विपरीत झालं. माझी लेक रुखमिणी तिला रोज बोडीवर, गावच्या तळ्यावर, धुवायला नेते. आज परत आली ती पाठीवर बसून! तळ्याच्या पाळीवरून, मग गावच्या रस्त्यानं. मैना मुकाट चालत होती. मी म्हटलं, "उतर आधी."
"काहून? चालून राहिली ना बाबा. पाण्यातच बसलो, ओल्या पायानं बाहेर निघाली. तिले समजलंच नाही कोरडं कवा लागलं."
सगळ्या गावानं पाहिलं. पोरीचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली. विधवा बसलेल्या घोडीवर कोण नवरदेव बसवेल? संध्याकाळीच सीताबाईचा निरोप — नातवाच्या वरातीला दुसरी घोडी पाहतो. तयार झाली त्याच दिवशी वाया गेली. रुखमिणीला नको ते बोललो. ती जेवली नाही.

१२ नोव्हेंबर
कोणी येत नाही.

१७ नोव्हेंबर
बौद्ध मोहल्ल्यातले टिकाराम मेश्राम आले. मुलाचं लग्न आहे. मी आधीच सांगून टाकलं, घोडीवर माझी पोरगी बसली आहे.
"मालूम आहे, दादाजी. सारं गाव बोलून राहिलं. आमच्यात नाही पाहत ते. पण लगाम रुखमिणीबाईच्याच हाती पाहिजे. घोडी तिचंच ऐकते म्हणतात."
डोमा त्यांच्या मागून मानेनं नाही-नाही करत होता. हो म्हटलं तर आमच्या लोकांत मला कोण बोलावणार? उद्या सांगतो म्हटलं. रुखमिणी दाराआड उभी होती.

१८ नोव्हेंबर
टांगेवाला आला होता. रुखमिणीनेच अंगणातून परत पाठवला. "घोडी कामाले लागली, मेश्रामाच्या वरातीले," म्हणाली. मी आत बसून ऐकत होतो. बाहेर गेलो नाही.