पेल्याचा पहिला घोट

आई, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे निर्धास्तपणे लिहितोय. आपल्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला द्राक्षरसाचा एकच पेला असायचा, सगळे त्यातूनच एकेक घोट घ्यायचे, आणि कुणी कधी उठायचं हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. पुढच्या बाकांवरची घरं आधी, ओढ्यापलीकडचे आपण शेवटी. बाप्तिस्म्याआधी कोण कुठल्या वस्तीतलं होतं हे मंडळी विसरली होती; त्यांचे पाय तेवढे विसरले नव्हते. तू तर सगळ्यांच्या शेवटी उठायचीस; मी ती तुझी नम्रता समजायचो.

नव्वद सालचा तो नाताळ. बारामतीला संस्कृत घेऊन बी.ए. झालो, म्हणून पाळकसाहेबांनी मला बायबलमधला शास्त्रपाठ वाचायला बोलावलं. वाचून झालं, पुढंच उभा होतो, तसाच टेबलाकडे वळलो आणि पहिला घोट घेतला. पहिल्या बाकावरचे आबा खोकतात. एकदाच. तो अख्खा बाक मान खाली घालून प्रार्थनेत बुडतो, मागोमाग दुसरा. पेला जवळजवळ भरलेलाच परत जातो. ‘उच्छिष्ट’ हा शब्द मी कॉलेजात शिकलो होतो. प्रात्यक्षिक तेवढं राहिलं होतं. बाहेर आबांनी, काही घडलंच नव्हतं असं, हसून विचारलं, “काय पंडित, इंदापूरची यष्टी किती वाजता हाय?”

घरी आलो. वाटलं, तू तरी पाठीवर हात ठेवशील.

“लई तहान लागली व्हती का रं?” तू म्हणालीस.

मी भडकलो. दर शनिवारी तूच तो पेला चिंचेनं घासतेस, ते बरं चालतं?

तू फुंकणी खाली ठेवलीस. “घासते, आन् घोटभर पाणी पिऊन बघते. आंबट ऱ्हायला तर? वीस वर्सं झाली, पयला घोट माझाच असतुया. पर मी कुणाला सांगत न्हाय.”



पुढच्या शनिवारी पेला चर्चच्या कपाटात नव्हता. आबांची सून घासायला घेऊन गेली होती. तुला कुणी काहीच बोललं नाही. भिजवलेल्या चिंचेची तू आमटी केलीस आणि जेवली नाहीस.

आता प्रत्येकाला वेगळा छोटा ग्लास असतो. मी चर्चचा पंच आहे, पहिल्या बाकावर बसतो. गेल्या रविवारी ऊसतोडीला आलेली एक बाई पहिल्यांदाच उपासनेला आली आणि प्रभुभोजनाला सगळ्यांच्या आधी उठली. मी खोकलो. ती थबकली, मागं जाऊन बसली.

हा कागद घडी करून खिशात ठेवतोय. मंडळीत वाचून दाखवायची छाती नाही.

आई, मला खोकला झालेला नव्हता.