फिकुनची सरकारी सहल

तीर्थरूप दादांच्या पायाशी धाकट्या प्रयूनचा नमस्कार.

वहिनींचा दमा, होडीचं इंजिन आणि तुमचा स्वभाव, तिन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालतो. सोंगखलाहून पाठवलेली सुकी मासळी पोचली. सासूबाईंनी ती लपवून ठेवली आहे, त्यावरून चांगली असावी.

इकडे डोंगरात सगळे म्हातारे क्षेम आहेत. बाकी फारसं कोणी उरलेलंच नाही. माझ्या सुतारकामाचंच बघा ना. सागवानी पाळणे करायला म्हणून बाबांनी मला हा धंदा शिकवला, आणि आता दुकानातून बाहेर पडतात त्या हातकाठ्या, आधाराच्या चौकटी आणि कमोडच्या उंच खुर्च्या. मागल्या पावसाळ्यात एक पाळणा खपला, तर गिऱ्हाइकाने त्यात कोंबडी बसवली. (अंड्यांवर बसवली, म्हणजे वापर अगदीच चुकीचा म्हणता येत नाही.)

ही गोष्ट सरकारच्याही लक्षात आली आहे. पोरं होत नाहीत, म्हातारे वाढताहेत, पुढे यांना उचलणार कोण, म्हणून वरून हुकूम सुटला आणि तालुक्याचे नवे साहेब अनुचित यांनी ‘अंगण फुलू दे’ अशी मोहीम काढली. गावोगावच्या आरोग्यसेविकांनी चाळिशीच्या आतली जोडपी गाठून त्यांची मनं वळवायची. आता आमच्या गावची आरोग्यसेविका म्हणजे माझ्या सासूबाई, खम्पानबाई. आणि चाळिशीच्या आतलं जोडपं गावात एकच, ते म्हणजे तुमचा भाऊ आणि भावजय फिकुन. सासूबाई राहतात आमच्याच घरात, तरी त्या दिवशी गणवेश चढवून मागल्या दाराने बाहेर पडल्या, घराला वळसा घालून पुढल्या दाराशी आल्या आणि कडी वाजवली.

“आई, आत ये, भात निवतोय,” फिकुन म्हणाली.

“मी आत्ता आई नाही. मी सरकार आहे.”

मग सरकार पायऱ्या चढून आलं, चटईवर बसलं, आणि चष्मा सापडेना म्हणून माहितीपत्रक मला वाचायला लावलं. (लाज वाटावी असे परिच्छेद मी गाळले. ते त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवले, पण सगळा वेळ छताकडे बघत.)

पुढची पायरी सहल. धबधब्याजवळच्या विश्रामगृहात जोडप्यांना दोन दिवस फुकट राहायचं, कशासाठी तर एकांतासाठी. दादा, इतक्या माणसांत एकांत मी जन्मात पाहिला नव्हता. जोडपी, जोडप्यांमागे आरोग्यसेविका, कचेरीचा सगळा ताफा, फोटोवाला. व्यासपीठामागे फ्लेक्स, त्यावर दोन हंस, एक बाळ, आणि तिघांहून मोठे साहेब. साहेब स्वतः पन्नाशी ओलांडलेले आणि बिनलग्नाचे, पण संसारसुखावर त्यांनी जेवणाआधी भाषण केलं आणि राहिलेलं भाषण जेवण थांबवून केलं. पहाटे कवायत, दुपारी गटचर्चा. वेळापत्रकात एकांत चहानंतर लिहिला होता, पण आभारप्रदर्शन लांबलं म्हणून तो रद्द झाला.

शेवटी साहेबांनी माईक फिकुनपुढे धरला. “ताई, संकोच नको. अडचण काय आहे ते मोकळेपणाने सांगा.”

फिकुन उठली. तिचा आवाज तुम्हाला माहीत आहे, तिला माईक लागत नाही. “साहेब, बाळंतपणाचा दवाखाना घाटापलीकडे. शाळा होती ती तुम्ही बंद केलीत. उद्या मूल झालं तर त्याने खेळायचं कुणाशी? सरपंचांशी? त्यांना धाप लागते.”

साहेब गंभीर झाले. बराच विचार करून कारकुनाला म्हणाले, “लिहा. खेळण्यांची मागणी.” निघताना आम्हाला एक रबरी चेंडू मिळाला. त्यावर साहेबांचा फोटो आहे.

मी पोट धरून हसलो. फिकुन हसली नाही. तुम्हाला तीन वर्षांपूर्वीचं आठवत असेल. तेव्हा फिकुनला दिवस गेल्याची बातमी कळल्या कळल्या सासूबाईंनी आनंदाच्या भरात ती सकाळी गावच्या भोंग्यावर सांगून टाकली होती, तांदळाच्या भावानंतर आणि नळाला पाणी न येण्याच्या सूचनेआधी. पुढे जे झालं ते झालं. पण नंतर सगळं गाव एकेक करून केळी घेऊन समाचाराला येत राहिलं, आणि येईल त्याला फिकुनला पहिल्यापासून सांगावं लागलं. तेव्हापासून मायलेकींत तो विषय निघत नाही. म्हणून तर सासूबाईंना तो काढायला गणवेश लागला, असं मला वाटतं.

परतीच्या टेम्पोत सासूबाईंनी पुढची जागा फिकुनला दिली आणि ड्रायव्हरला घाटभर हळू चालव, हळू चालव म्हणत बसल्या. (एरवी त्यांना वेग आवडतो.) असो. बाकी लिहिण्यासारखं काही नाही. वहिनींना नमस्कार.

तुमचा धाकटा,
प्रयून

ता. क. लिहिण्यासारखं आहे. फिकुनला चौथा महिना लागलाय. सहलीचा त्यात काडीचा हात नाही, पण साहेबांना कळलं तर नाक्यावरच्या फ्लेक्सवर हंसांच्या जागी आम्ही दोघं लागू. फिकुनने बजावलंय की कुणालाही कळता कामा नये, आईला तर नाहीच. तिची झोप उडाली आहे, दादा. तेव्हा विनंती अशी की तुम्ही पाय मोडून घ्यावा. फक्त कागदावर. होडी सांभाळायला माणसं नाहीत, प्रयून आणि फिकुनला ताबडतोब पाठवा, असं सासूबाईंच्या नावे पत्र टाका. तिकडे दवाखाना जवळ आहे आणि आम्हाला कोणी ओळखत नाही.

आणखी एक. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात सासूबाई येऊन समोर बसल्या. म्हणाल्या, “जावईबापू, नुसत्या पायाने भागायचं नाही. पायाला प्लास्टर घातलं की माणूस काठी घेऊन हिंडतो. कंबर लिहा.”

मी विचारलं, “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“मला कुठं काय माहीत आहे? आणि भिंती फळ्यांच्या तुम्हीच केल्यात.” मग म्हणाल्या, “कंबर चोळायला एखादी वयस्कर बाईही लागेल. तेही लिहा.”

मी आत जाऊन फिकुनला सांगितलं. ती कूस बदलत म्हणाली, “येऊ दे. तिने अजून समुद्र पाहिलेला नाही.”

तेव्हा दादा, कंबरच मोडा, आणि अंथरुणं तीन घाला.