रिकामं चालवलेलं इंजिन

आदिलाबाद, ५ फेब्रुवारी

चि. सौ. सुवर्णास,
अ. उ. आ.

फोनवर आईला काही ऐकू येत नाही आणि पोराचा शब्द न् शब्द तर हवा असतो, म्हणून पत्र. तिला जोरात वाचून दाखव.

टेम्पोतून डिझेलचा नवा जनरेटर पाठवला आहे. आता लाइट गेली तरी तुमची नवी मिरचीची चक्की थांबायची नाही. पण नवा गोऱ्हा कोणी पहिल्याच दिवशी भरल्या बंडीला जुंपतं का? उद्घाटनापर्यंत इंजिन रोज नुसतं रिकामं चालवायचं, साधा बल्बसुद्धा जोडायचा नाही. आमचे जवाईबापू गोपालराव उतावळे, त्यांना जरा लांबच ठेव.

लोभ आहेच, चक्की सुरू झाल्यावर तो तिखट होऊ देऊ नका.

तुझा दादा,
रविकांत


तामसी, १४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इंजिन पोचलं. आईनं हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. शेजारच्या द्वारकाबाई म्हणे, नव्या सुनेचेबी येवढे लाड नाही पाह्यले.

ह्यांनी एकदा विचारलं की गोऱ्ह्यालेबी आधी रिकामी बंडी तरी ओढाव लागते, अर्धी चक्की लावून पाहू काय. मी तुझं पत्र पुढे केलं. मग म्हणाले, दादा म्हणतात तर तसंच, आपन काऊन मधात बोलावं. तेव्हापासून रोज इंजिन सुरू करतात आणि शेजारी बसून राहतात. धूर जरा तेलकट येतो, तो नवेपणाचाच ना?

आई आशीर्वाद सांगते. तुझी माया अशीच राहू दे.

सुवर्णा


आदिलाबाद, ६ मार्च

चि. सौ. सुवर्णास,
अ. उ. आ.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

उद्घाटनाला सगळा गाव मिरच्या घेऊन अंगणात जमला होता. चक्की जोडल्याबरोबर इंजिन निळा धूर ओकून बंद पडलं आणि मी सगळ्यांदेखत गोपालरावांना म्हणालो की घरजावयाला दुसऱ्याच्या वस्तूची काय कदर, चोरून भार दिला असणार. ते गप्प राहिले, ती मी कबुलीच धरली.

काल दुकानदाराशी भांडायला गेलो. कसं चालवलं, असं त्यानं विचारलं. मी ऐटीत सांगितलं, रिकामं, एक बल्ब लावू दिला नाही. दुकानातले सगळे हसले. नव्या डिझेल इंजिनाला सुरुवातीपासून बेताचं काम द्यावं लागतं म्हणे, तेव्हाच आतल्या रिंगा घासून नीट बसतात. नुसतं रिकामं चालवलं की त्या बसत नाहीत आणि ऑइल जळून धुरात जातं. म्हणजे ते मीच बिघडवलं.

मान वर करवत नाही. माझ्या आईला दवाखान्यात नेणारा तो माणूस आणि मी सणावारी येणारा पाहुणा. रिंगा बदलायला मिस्त्री पाठवतो. माझ्या वतीनं त्यांची माफी माग.

शरमिंदा,
रविकांत


तामसी, ११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आईला ऐकवलं नाही, ह्यांना दाखवलं. दादाले म्हणा मनाले लावून घेऊ नका, एवढंच म्हणाले.

पण तू गेल्यावर काय झालं ते ऐक. लोक विचारायला लागले तेव्हा, तुझा शब्द खाली पडू नये म्हणून, चूक आपलीच असं ह्यांनी सांगून टाकलं. आता घरजावयानं इंजिन जाळलं असं गावभर झालं आहे. मिरच्या घेऊन कोणी फिरकत नाही. आईसुद्धा ह्यांच्याशी धड बोलत नाही, तिला तुझंच खरं वाटतं. हे बेल्याला आपल्या गावी परत जाऊ म्हणतात. जिथं हे, तिथं मी. मग आईजवळ कोण?

दादा, अपमान अंगणात केलास आणि माफी पाकिटात घालून पाठवतोस. हे मला नाही पटलं.

लोभ असू दे, असं आज मी म्हणणार नाही.

सुवर्णा


आदिलाबाद, १४ मार्च

चि. सौ. सुवर्णास,
अ. उ. आ.

तुझं खरं आहे. रविवारी पहिल्या बसनं येतो. ज्या अंगणात बोललो तिथंच सगळ्यांसमोर जवाईबापूंचे पाय धरीन. इंजिनाला काम किती द्यायचं ते तेच ठरवतील. त्यांना म्हणावं, तोवर सामान बांधू नका.

तू एवढं कर. मागचं पत्र आणि हे पत्र, दोन्ही आईला वाचून दाखव. तिला ऐकू येत नाही, तेव्हा खाट अंगणात टाक आणि द्वारकाबाईच्या घरापर्यंत जाईल एवढ्या जोरात वाच.

रविकांत