पॅडलखालचा बोल्ट

लिहून ठेवणार: शर्मिष्ठा मधुसूदन पोंक्षे, वय ४६, अविवाहित, महिला महाविद्यालयात भौतिकशास्त्राची अधिव्याख्याता, राहणार जानकीपुरम, लखनौ.

येत्या मंगळवारी माझे पोटाचे मोठे ऑपरेशन आहे. काळजीचे कारण नाही असे डॉक्टर म्हणतात, तरी लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरण पक्के आहे, कोणीही दडपण आणलेले नाही. मी रागात आहे, हेही नोंदवते. रागाने लेखणी वाकडी गेली का, हे प्रत्येक कलमानंतर स्वतःला विचारले आहे. हे माझे पहिलेच मृत्युपत्र.

१. जानकीपुरमचे घर माझ्या पगारातून झाले. ते माझा धाकटा भाऊ रणजित आणि त्याची पत्नी मनीषा यांना समान हिश्शाने द्यावे. गॅरेज मात्र एकट्या मनीषाचे. त्याच्या दोन्ही किल्ल्या तिच्याच हातात द्याव्यात.

२. बँकेतली ठेव महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला. व्यवस्था माझ्या सहकारी श्रीमती नीलम सक्सेना यांनी पाहावी. अट एकच: त्यातून घेतलेल्या उपकरणांवर मुलींनी दोघीदोघींनी प्रयोग करावा, एकटीने नाही. ही अट का, ते कलम ४ वाचल्यावर कळेल.

३. १९६२ सालची विलायती, हिरवी, दोन आसनांची उघडी स्पोर्ट्स गाडी. अमौसी विमानतळावर इंजिनिअर असलेल्या माझ्या बाबांनी ती एका तालुकेदार कुटुंबाकडून घेतली आणि १९८६ मध्ये निवृत्त होताना मला दिली. किल्ली देताना म्हणाले, "शमे, ही पळायला केलेली आहे. हिच्यातून सब्जी आणत बसू नकोस." रणजित शेजारी उभा होता. तो हसला नाही.

ही गाडी मी मनीषाला देते. रणजितला नाही, कोणत्याही वाटेने नाही. ऑपरेशनची तारीख सांगितल्यावर पाचव्या मिनिटाला तो म्हणाला, "ताई, वरातीला गाड्या देणारा एक जण विचारतोय. आता तू कुठे चालवणार, यार? देऊन टाकू." मी अजून जिवंत आहे, समोर बसले आहे, चहा गाळते आहे, हे त्याच्या लक्षात आले नसावे. ही गाडी विकली जाऊ नये, एवढ्यासाठीच मी लिहायला बसले.

मनीषाला गाडी चालवता येते. गेले वर्षभर सकाळी मी तिला शिकवते आहे. रणजितला हे माहीत नाही. आता होईल.

४. गाडीच्या दोषाविषयी. अकरा वर्षे ही गाडी सुस्त आहे. अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबावा, आणि तिने कूस बदलल्यासारखे करावे. ३ डिसेंबर १९८६ च्या माझ्या डायरीत नोंद आहे: "पहिल्या सर्व्हिसिंगनंतर गाडी जड वाटते. माझा पाय चुकतो का?" तेव्हापासून निशातगंजचे मेकॅनिक जयसिंग यांच्याकडे मी ती चौदा वेळा नेली. दर वेळी त्यांनी कार्बोरेटर साफ केले आणि खाली बघत म्हटले, "पुरानी गाड़ी है, दीदी." रणजित म्हणे, "गाडीला काही झालेलं नाही. पाय बायकी आहे." हे तो पाहुण्यांसमोरही म्हणे आणि पाहुणे हसत. डायरीत "माझा पाय" हे शब्द एकतीस ठिकाणी आहेत. परवा मोजले.

माझी चूकही लिहिते. १९९२ मध्ये मी मूळ तेरा इंची चाके काढून पंधरा इंची बसवली. चाक मोठे, एका फेऱ्यात जास्त अंतर, म्हणजे गाडी पळेल, असा हिशेब केला. मोठ्या चाकाने इंजिनवरचा भार वाढतो, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. गाडी आणखी सुस्त झाली, वळणावर टायर मडगार्डला घासू लागले, आणि रणजितला हसायला दुसरे कारण मिळाले. ते हसणे मी कमावले होते. पहिले नव्हते.

दुसरी चूक मोठी आहे. थ्रॉटलची तपासणी मी नेहमी एकटीने केली. बॉनेट उघडून हाताने दांडी ओढायची, कार्बोरेटरमधली तबकडी पूर्ण उघडते ना पाहायचे. उघडायची. मग दोष माझा, असे ठरवायचे. पॅडल कोणी दाबले तर तबकडी किती उघडते, हे पाहायला दुसरे माणूस लागते, आणि वर्षभरापूर्वीपर्यंत माझ्या आसनावर मी कोणाला बसू देत नसे. मनीषाला शिकवू लागल्यावरही शेजारी बसून माझी नजर तिच्या पायावर असायची, इंजिनवर नाही.

रविवार, ९ नोव्हेंबरला प्रथमच तिला बसवून मी बॉनेटपाशी उभी राहिले. तबकडी अर्ध्याहून जरा अधिक उघडली आणि थांबली.

"पूर्ण दाब, मनीषा."

"दाबलंय हो ताई! पुढे जातच नाही. खाली काहीतरी टोचतंय."

पायाखालचा गालिचा उचलला. पॅडलखाली गाडीच्या तळातून वर आलेला बोल्ट, त्याला लॉकनट, आणि दिसू नये म्हणून काळा रंग. रंग नीट, दोन हात दिलेला.

बोल्ट मी स्वतः काढला. सोमवारी तो जयसिंग यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो बोटांनी फिरवून पाहिला. मग म्हणाले, "घर से हुक्म था, दीदी." मी दुसरा प्रश्न विचारला नाही. आमच्या घरात हुकूम एकच माणूस देत असे. पळायला केलेली गाडी मुलीला द्यायची, टाळ्या घ्यायच्या, आणि मागून तिच्या पायाखाली खिळा ठोकायचा! भीती वाटत होती तर तोंडावर सांगायचे होते. मी भांडले असते, पण अकरा वर्षे स्वतःच्या पायावर संशय घेतला नसता.

गुरुवारी पहाटे अमौसीच्या रस्त्यावर गाडी पूर्ण दाबून चालवली. काटा साठ मैलांवर होता. मोठ्या चाकांमुळे तो कमी दाखवतो, म्हणजे खरा वेग पासष्ट. कायदा मोडला, नोंद करते. मी मोठ्याने ओरडले, तीही नोंद करते.

५. मूळ चाके माळ्यावर आहेत. मनीषाने ती परत बसवून घ्यावीत. पान्यांचा संच गाडीबरोबर जावा. जयसिंग यांना मी तो देणार होते, आता देत नाही.

६. बाबांचा फोटो हॉलमधून काढून माळ्यावर ठेवावा आणि बोल्ट त्याच्या चौकटीला बांधावा.

पुरवणी, शनिवार, १५ नोव्हेंबर, दुपारी. हा मजकूर खोडत नाही, खोडाखोडीवरून वाद होतात.

जयसिंग यांना मी मुद्दाम साक्षीदार म्हणून बोलावले. निदान एकदा त्यांनी खऱ्याखाली सही करावी. कलम ४ ते ६ त्यांना हिंदीत वाचून दाखवली. त्यांनी पेन खाली ठेवले.

"इस पर साइन नहीं करूँगा, दीदी. ये ग़लत लिखा है."

"बोल्ट तुम्ही लावला नाही?"

"मैंने लगाया. पर बाबूजी ने नहीं कहा था. भैया आए थे. बोले, दीदी कहीं ठोंक देंगी, घर का हुक्म है, किसी को बताना मत. बाबूजी तो ख़ुद दुकान पर आके पूछते थे, जयसिंग, शमी की गाड़ी भागती क्यों नहीं?"

दुसऱ्या साक्षीदार म्हणून आलेल्या नीलम म्हणाल्या, "पानी पीजिए." मी प्यायले.

बाबा १९८९ मध्ये गेले. म्हणजे अडीच वर्षे तेही शोधत होते, आणि मी पाच दिवसांत, एकही प्रश्न न विचारता, त्यांना माळ्यावर टाकले. रणजितवरचा माझा राग खरा आहे आणि तो मी मागे घेत नाही. पण घाई माझी.

म्हणून: कलम ६ रद्द. बाबांचा फोटो आहे तिथेच राहावा. पान्यांचा संच जयसिंग यांना द्यावा, मात्र बोल्ट काढला तो पाना गाडीतच राहावा. १९८६ ते १९९७ च्या माझ्या बारा डायऱ्या रणजितच्या. त्याने त्या वाचाव्यात, एकतीस जागांवर मी खुणा केल्या आहेत.

बोल्टही रणजितलाच. तो मनीषाने त्याच्या ऑफिसात, सगळ्यांसमोर द्यावा. आणि तिथे गाडी स्वतः चालवत जावे.

लिहून ठेवणार: शर्मिष्ठा म. पोंक्षे (सही)

आमच्यासमोर सही झाली:
१. नीलम सक्सेना (सही)
२. जयसिंग, मोटार मेकॅनिक, निशातगंज (सही हिंदीत, पुरवणी दोनदा वाचून घेऊन मगच केली)

लखनौ, १५ नोव्हेंबर १९९७